आपट्याच्या पानातील गणित

पावसाळा ओसरू लागला की जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर नागली-वरईची शेते रंग बदलू लागतात आणि रानात आपट्याची झाडे पानांनी भरलेली दिसतात. दसऱ्याला सोने म्हणून वाटले जाणारे हे पान सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्याकडे गणिताच्या दृष्टीने पाहण्याची सवय फार थोड्यांना आहे. या पानाचे दोन सारखे भाग असतात आणि मधली शीर ही जणू निसर्गानेच आखून दिलेली घडीची रेघ असते. त्या रेघेवर पान दुमडले की एक भाग दुसऱ्यावर नेमका बसतो. तीन-साडेतीन वर्षांचे मूल ही घडी सहज घालते, उघडते, पुन्हा घालते आणि त्यात रमते. पुढे पाठ्यपुस्तकात जिला ‘सममिती’ असे नाव मिळते, तिची ही पहिली ओळख होय.

लहान मुलांचे गणित म्हणजे एक ते शंभर अंक घोकणे, ही समजूत अद्यापि पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. अंगणवाडीतील मूल खड्या आवाजात अंक म्हणू लागले की पालकांना समाधान वाटते आणि भेटीस आलेले अधिकारीही संतुष्ट होतात. परंतु वीसपर्यंत न चुकता म्हणणाऱ्या मुलापुढे सात चिंचोके ठेवून “किती?” असे विचारले असता ते गोंधळते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. आकार ओळखणे, सारखे व वेगळे निवडणे, जोड्या लावणे, क्रम लावणे, नक्षी पुढे चालविणे, अर्धे व पुरे यांतील भेद जाणणे, या गोष्टी अंकांच्या आधी येतात. निदान त्यांच्याबरोबर तरी यावयास हव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र मानला आणि अंगणवाडीची तीन वर्षे व शाळेच्या पहिल्या दोन इयत्ता एका सूत्रात आणल्या. त्यापाठोपाठ ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने इयत्ता तिसरी संपेपर्यंत प्रत्येक बालकास वाचन व संख्याज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठरविले. तिसरीच्या या उद्दिष्टाची तयारी अंगणवाडीच्या ओट्यावर सुरू होते, ही गोष्ट मात्र अनेकदा विसरली जाते.

कोसबाडचा वारसा

या विचारासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढील दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ यांनी ते ताराबाईंच्या हयातीत आणि त्यांच्या पश्चातही नेटाने चालविले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग, नाजूक आणि शहरी घरांना शोभणारी. ती आदिवासी पाड्यावर आणावयाची कोठून, हा प्रश्न तेथे उभा राहिला. उत्तर आजूबाजूलाच पडलेले होते. बिया, शिंपले, खडे, पाने, काटक्या आणि माती यांतूनच साधने तयार झाली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणातील बालवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. त्याआधी कितीतरी वर्षे त्या शब्दामागची कल्पना याच भागात अंकुरली होती.

कोसबाड हे आज ज्या पालघर जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यात जव्हार व मोखाडाही आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. एके काळी मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी असलेले जव्हार आणि त्याच्या पूर्वेचा, वैतरणेच्या खोऱ्याचा मोखाडा, हे दोन्ही तालुके वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी यांच्या वस्तीचे आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याचे लक्ष येथे वेधले. तेव्हापासून येथील अंगणवाडीकडे मुख्यतः आहार व वजन या दोन बाजूंनी पाहिले गेले. ते योग्यच होते; उपाशी मुलाला पानाची घडी शिकविण्यात अर्थ नाही. तथापि ज्या अंगणवाडीत मूल आहारासाठी येते, तेथेच त्याच्या बुद्धीलाही काही मिळावयास हवे, आणि त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

डोळ्यास आधीच ठाऊक असलेले

सममिती ही मुलाला शून्यापासून शिकवावयाची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क बोर्नस्टाइन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, उभ्या रेषेच्या दोन बाजूंना सारख्या असलेल्या आकृत्या चार महिन्यांचे अर्भक इतर आकृत्यांपेक्षा लवकर न्याहाळून संपविते, म्हणजे त्या त्याला लवकर आकळतात. आईचा चेहरा हीच मुलाने पाहिलेली पहिली सममित आकृती असते. तेव्हा अंगणवाडी सेविकेचे काम डोळ्यास ठाऊक असलेले हाताला व जिभेला ठाऊक करून देण्याचे आहे.

त्याचा आरंभ शरीरापासून करणे सोपे जाते. दोन मुले समोरासमोर उभी राहतात. एक ‘माणूस’, दुसरे ‘आरसा’. माणसाने हात वर केला की आरशाने त्याच बाजूचा हात वर करावयाचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी आरसा चुकतो, सगळी हसतात आणि भूमिका बदलतात. त्यानंतर पाने. आपट्याची, सागाची, वडाची, जी मिळतील ती पाने गोळा करून प्रत्येकाची मधोमध घडी घालून पाहावयाची. काही पाने नेमकी जुळतात, काही थोडी चुकतात.

येथे पळसाचे पान विशेष उपयोगी पडते. पळसाला पाने तीनच, हे म्हणीपुरते सर्वांना माहीत असते. त्या तीन पानांतील भेद मात्र सहसा कोणी पाहत नाही. मधले पान शिरेवर दुमडले असता दोन्ही बाजू बऱ्याच अंशी जुळतात. बाजूच्या दोन पानांची मात्र एक कड अधिक फुगीर असते, त्यामुळे ती स्वतःशी जुळत नाहीत. गंमत अशी की, डावे पान उजव्या पानावर पालथे ठेवले की ती दोन्ही एकमेकांशी जुळतात. एकेकटे पान सममित नसते. जोडी मात्र सममित असते. पाच वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगण्याचे कारण नाही. पाने त्याच्या हाती द्यावीत आणि ते काय करते ते पाहावे. ज्या सेविकेने हे एकदा स्वतः करून पाहिले आहे, तिला मुलांना काय विचारावे हे सांगावे लागणार नाही.

पुढची पायरी म्हणजे अर्धे पुरे करणे. जमिनीवर कोळशाने एक उभी रेघ ओढावी. एका बाजूस सेविकेने तीन चिंचोके, एक खडा व एक काटकी अशी मांडणी करावी. दुसऱ्या बाजूस मुलाने तशीच परंतु उलट मांडणी करावयाची. बहुतेक मुले आरंभी मांडणी जशीच्या तशी सरकवतात, म्हणजे रेघेजवळचा खडा रेघेजवळ न ठेवता दूर ठेवतात. ही चूक नसून पायरी आहे. रेघेवर लहान आरसा उभा धरला की मूल स्वतःच फरक ओळखते व दुरुस्त करते. या सर्व खटाटोपात विकत आणावी लागणारी वस्तू एवढीच, एक न फुटणारा आरसा.

भिंतीवरचा चौक

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाची भिंत सारवून व गेरूने माखून त्यावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिला जातो. तो सवाशिणी लिहितात, धवलेरी लग्नगीते गाते, आणि चौकाशिवाय विवाह पुरा होत नाही. मध्यभागी पालघट देवी, भोवती चारही बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या. हाताशी असते ती टोक ठेचलेली बांबूची काडी. पट्टी नाही, कंपास नाही. तरीही डाव्या बाजूची नक्षी उजवीकडे उतरते आणि कोपऱ्यावर वळताना तिचा क्रम मोडत नाही. मोजून काढलेल्या चौकटीइतकी ती काटेकोर नसते, आणि तशी असण्याची आवश्यकताही नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर व पुढे जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. वारली चित्रकला तेव्हापासून शहरातील पडद्यांवर, पिशव्यांवर आणि शासकीय इमारतींच्या भिंतींवरही दिसू लागली. ती ज्या घरांतून आली, तेथील बालकांच्या गणितात मात्र तिला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

वारली चित्रातील माणूस हा दोन त्रिकोणांचा असतो. कमरेशी टोकाला टोक लागलेले असते. उभी रेघ मध्ये धरली तर डावी-उजवी बाजू सारखी, आणि कमरेवर आडवी रेघ धरली तर वरचा त्रिकोण खालच्यासारखा, अशी त्या धडाची दुहेरी घडी होते. मग तोच माणूस नांगर धरतो, ओणवा होतो, नाचात पाय उचलतो, आणि त्याबरोबर ती सममिती मोडते. चित्रात हालचाल येते ती या मोडण्यामुळे. तारप्याच्या नाचाचे वेटोळेही असेच. ते कोठेही दुमडले तरी स्वतःवर बसत नाही. काय जुळते हे शिकविताना काय जुळत नाही हेही दाखवावे लागते, आणि त्याकरिता वारली चित्राइतके सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

येथे एका गोष्टीचे भान राखणे अगत्याचे आहे. चौक हा पूजेचा विषय आहे. देवीची आकृती पाटीवर गिरवून घेणे किंवा तिचा सराव म्हणून वापर करणे काही घरांना रुचणार नाही, आणि ते आवश्यकही नाही. कडेच्या पट्ट्या, त्रिकोणी माणसे, झाडे व पक्षी एवढे पुष्कळ झाले. पाड्यावरील एखाद्या जाणत्या बाईला अंगणवाडीत बोलावून, काय काढावे व काय काढू नये हे तिच्याकडूनच विचारून घ्यावे. ज्या स्त्रीला शाळेने आजवर निरक्षर म्हणून ओळखले, तिच्यासमोर तिची नातवंडे या निमित्ताने शिकावयास बसतात, याचे मोल वेगळे सांगावयास नको.

या भागातील बोहाडा हाही असाच एक ठेवा. देव, दानव आणि रामायण-महाभारतातील पात्रे मुखवटे चढवून रात्री नाचत येतात. मुखवट्याचा चेहरा बहुधा सममित असतो. गणपतीची सोंड तेवढी एका अंगाला वळते. मुलांना कागदी मुखवटा करावयास सांगितला, तर कागदाची घडी घालून एकच डोळा कापला असता दोन डोळे उघडतात, हे त्यांना जादूसारखे वाटते. रावणाबद्दल त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. मधले एक मुख सोडले तर उरलेली नऊ. ती दोन बाजूंना सारखी कशी बसवावयाची? एकीकडे चार येतात, दुसरीकडे पाच. मुले भांडतात, पुन्हा मांडतात, कोणी तरी मधले मुखच काढून टाकते आणि पाच-पाच करते. सम व विषम संख्यांचा धडा तिसऱ्या-चौथ्या इयत्तेत येईल तेव्हा येवो. त्याचे बीज येथे पडते.

तीन आणि सहा

पहिलीच्या शिक्षकांची एक नित्याची तक्रार असते. मूल ३ च्या जागी ६ लिहिते, ६ च्या जागी ३. शिक्षक रागावतात, दहा वेळा लिहून घेतात, पालकांना बोलावतात. परंतु हे दोन देवनागरी अंक शेजारी ठेवून पाहिले तर ते बव्हंशी एकमेकांची आरशातील प्रतिमाच आहेत. आणि मुलाचा त्या वयापर्यंतचा अनुभव काय सांगतो? तांब्याचे तोंड डावीकडे असो वा उजवीकडे, तो तांब्याच असतो. बैल कोणत्याही बाजूने पाहिला तरी बैलच. दिशा बदलल्याने वस्तूचे नाव बदलत नाही, हा मुलाने स्वतः मिळविलेला आणि अगदी योग्य असा नियम आहे. लिपी व अंक यांच्या जगात मात्र हा नियम अचानक मोडतो. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे व अंक उलटे निघणे हे त्यामुळे स्वाभाविक असून, तेवढ्यावरून मुलास मंद ठरविणे अन्यायाचे आहे. आरशाचे खेळ खेळलेल्या मुलास “हे त्याच्या उलट आहे” एवढे सांगणे पुरते, कारण ‘उलट’ म्हणजे काय हे त्याच्या हातांना समजलेले असते.

संख्येशी सममितीचे नाते याहूनही जवळचे आहे. सहा चिंचोके विखरून टाकले तर मूल एकेक मोजते. तेच तीन-तीन असे दोन ओळींत समोरासमोर मांडले तर थोड्याच दिवसांत ते न मोजता “सहा” म्हणते. दोन्ही हातांची बोटे म्हणजे पाच आणि पाच. भाकरी मधोमध मोडली की दोन सारखे अर्धे. भाताचे भारे कावडीने वाहून आणणारा माणूस दोन्ही टोकांना सारखा भार घालतो, नाही तर कावड खांद्यावर ठरत नाही. दुप्पट, निमपट, बरोबरी व तोल या कल्पनांचा उगम अशा अनुभवात आहे. आई-आजोबा टोपली विणतात तेव्हा दोन कामट्या वर, दोन खाली हा क्रम मूल पाहत असते. एक कामटी चुकली तर नक्षी कोठे बिघडली ते दाखवू शकते. याची नोंद कोणत्याही प्रगतिपुस्तकात होत नाही, आणि तेच मूल दुसऱ्या इयत्तेत ‘गणितात कच्चे’ ठरते.

या ठरण्यात भाषेचा वाटा मोठा आहे. पाड्यावरचे मूल घरी वारली, कोकणी वा ठाकरी बोलते. पुस्तकाची मराठी त्याला परकी वाटते. ‘सममिती’, ‘अक्ष’ हे शब्द या वयात उच्चारण्याची काहीच गरज नाही. ‘सारखे’, ‘जुळते’, ‘उलटे’, ‘अर्धे’ एवढ्यावर भागते, आणि त्यांनाही घरच्या बोलीत जे शब्द असतील ते सेविकेने मुलांकडून शिकून भिंतीवर लिहून ठेवावेत. सेविका बहुधा त्याच गावची असल्याने तिला हे सहज जमते. अडचण येते ती पहिलीच्या वर्गात, बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकांना. अंगणवाडी व शाळा एकाच आवारात असूनही दोघांची महिनोन् महिने गाठ पडत नाही, अशी स्थिती असेल तर पायाभूत स्तराचे सूत्र कागदावरच राहावयाचे. महिन्यातून एकदा शिक्षकांनी अंगणवाडीत येऊन तासभर जमिनीवर बसावे, एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

भट्टीवरील महिने

या तालुक्यांतील खरी अडचण वेगळीच आहे. भाताची कापणी आटोपली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंना वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामास जातात. लहान मुले बरोबर जातात. ज्या महिन्यांत पाऊस नाही, वाटा मोकळ्या आहेत आणि अंगणवाडी नियमित भरू शकते, नेमक्या त्याच महिन्यांत पाड्यावर मुले नसतात. शाळेतील मुलांकरिता शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे; ते दाखविले की जेथे कुटुंब जाईल तेथील शाळेत मुलास बसता येते. तीन ते सहा वर्षांच्या बालकाचे शिक्षण मात्र त्या वाटेवर सहज हरवते. ग्रामपंचायतीने कापणीच्या आधीच कोणते कुटुंब कोठे जाणार याची यादी सेविकेकडून घेतली आणि ती तेथील अंगणवाडीस कळविली, तर आहाराबरोबर खेळही मुलाच्या मागे जाऊ शकतो. भट्टीवर आपट्याची पाने नसतील, विटा असतात. दोन आडव्या, एक उभी, पुन्हा दोन आडव्या ही मांडणी मधल्या विटेच्या दोन्ही बाजूंना सारखीच असते.

अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या अबंध निधीचा विनियोग ग्रामसभेत ठरतो. तेथे अंगणवाडीचा विषय निघाला की खोली, रंग व संरक्षक भिंत यांवर चर्चा होते. त्याच बैठकीत आणखी तीन मागण्या पुढे याव्यात: गळणार नाही असे छप्पर, मुलांच्या उंचीवर भिंतीला लागून काळा पट्टा, आणि गुडघे न सोलता बसून मांडामांड करता येईल अशी सपाट जमीन. तक्ते छापून येतात व दोन पावसाळ्यांत ओल लागून गळून पडतात. काळा पट्टा टिकतो.

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद होतात आणि कुटुंबे परत येतात. सेविकेच्या नोंदवहीत त्या वेळी मुलाच्या नावापुढे वजन लिहिले जाते, उंची लिहिली जाते. त्याच ओळीत आणखी दोन शब्द लिहावयास जागा करता येईल: जाताना मूल कोठवर आले होते, घडीपर्यंत, आरशापर्यंत की अर्धे पुरे करण्यापर्यंत. म्हणजे आल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून एक-दोन-तीन म्हणावयास बसवावे लागणार नाही.